पाणी कोमट होतं

पायाची आग काय असते, ते ज्याचे पाय जळतात त्यालाच विचारावं असं लोक म्हणतात. मी म्हणतो, त्यालाही विचारू नये. तो खरं सांगेलच याचा भरवसा नाही. मी तीन वर्षं सांगितलं नाही.

माझं नाव प्रेमदास. वीज मंडळात लाइनमन होतो. कारंजा तालुक्यातले खांब तीस वर्षं चढलो, उन्हात, चिखलात, एकदा तर तापाने फणफणलेलो असताना, आणि या पायांनी कधी कुरकुर केली नाही. घरी बसून पेन्शन खायला लागलो तेव्हा यांनी डोकं वर काढलं. आधी बोटांत मुंग्या आल्या. मग तळव्यांना आग सुटली, अशी की फरशीवर पाणी ओतून त्यात पाय टेकवून बसावं. आणि आतून जळणारा हाच पाय बाहेरून बहिरा होत चालला होता. एका पौर्णिमेला विहारातून येताना मी दुसऱ्याच कुणाची तरी चप्पल घालून आलो. ती माझ्या पायाला दोन बोटं लहान होती, हे घरी आल्यावर बायकोने दाखवलं तेव्हा कळलं. सगळी वस्ती हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार.

कारंज्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखरेने नसा खाल्ल्या असं सांगितलं. गोळ्या दिल्या. साखर सांभाळा म्हणाले, रोज तळपाय आरशात बघा, अनवाणी हिंडू नका, पाय गरम पाण्यात घालू नका, आणि आंघोळीचं पाणीसुद्धा आधी दुसऱ्या कुणाला हात घालून बघायला लावा, कारण तुमच्या पायाला चटका कळणार नाही. गेलेली नस परत येईल का, असं मी विचारलं. "आहे तेवढी राखायची," ते म्हणाले. एवढं सरळ उत्तर मला नको होतं. माझ्या बायकोला, कांताला, तर ते उत्तरच वाटलं नाही. राखायची म्हणजे काय, आपण काय रानाचे राखणदार आहोत का, असं ती घरी येईपर्यंत ऑटोत पुटपुटत होती.

त्या दिवसापासून माझे पाय तिने ताब्यात घेतले.

माझ्या पायांबद्दल वस्तीतल्या प्रत्येकाचं एकेक मत होतं आणि कांताने एकही मत वाया जाऊ दिलं नाही. रात्रभर भिजवलेल्या मेथीचं पाणी झालं. कारल्याचा रस झाला. एरंडाच्या पानाला तेल लावून ती पानं तळव्यांना बांधून झाली. त्या पट्ट्या बांधून मी ओसरीत बसलो की शेजारचा नत्थूजी मुद्दाम थांबून विचारायचा, काय प्रेमदासजी, लगीन कधी आहे? पहाटे दवात चालायचा सल्लाही आला होता, पण डॉक्टरांनी अनवाणी चालू नका सांगितलंय म्हणून मी त्यातून सुटलो. मला नको असलेल्या उपायांपुरता मी डॉक्टरांचं फार ऐकणारा होतो.

मग तिने माहेरून, वडनेरहून, काशाची वाटी आणली. तळपायाला तूप लावायचं आणि वाटीच्या बुडाने अर्धा-अर्धा तास घासायचं. घासता घासता तूप काळंभोर व्हायचं. ते काळं बोटावर घेऊन ती मला दाखवायची.

"पाहा अजी, आग निघून राह्यली."

आग जिथल्या तिथे होती. एकदा ती घरी नसताना मी तूप घेऊन वाटी हाताच्या तळव्यावर घासून पाहिली. हाताला कसलीही आग नव्हती, तरी तूप तसंच काळं झालं. मी वाटी धुऊन जागेवर ठेवली. तिने संध्याकाळी विचारलं, फरक वाटते का, आणि मी म्हणालो, वाटते थोडा. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, एवढ्या स्वस्तात एखाद्याला एवढं सुख देता येत असेल तर का न द्यावं. तिथे मी चुकलो. पण त्या वेळी चुकल्यासारखं वाटलं नाही, चांगलं वागल्यासारखंच वाटलं.

पुढे प्रत्येक उपायाला माझं तेच उत्तर ठरलं. आहे फरक. थोडा आहे. कालच्यापेक्षा आज बरं आहे.

सगळ्यांत टिकला तो निरगुडीचा शेक. कांता हायवेवरच्या रूपरावच्या ढाब्यावर लांब रोट्या करायची. पालथं मडकं चुलीवर तापवायचं, सैलसर कणीक दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि मडक्यावर पसरायची. हे काम येरागबाळ्याचं नाही. मडकं किती तापलं ते हातानेच बघावं लागतं. दुपारची गर्दी ओसरली की ती घरी यायची, निरगुडीचा पाला आणि मूठभर मीठ टाकून पाणी उकळायची, गार पाणी मिसळून ते टबात ओतायची आणि माझ्या पायाशी आणून ठेवायची. डॉक्टरांनी नको म्हटलंय, असं मी एकदा म्हणालो. डॉक्टरांनी गरम नको म्हटलं, हे कोमट आहे, असं तिचं म्हणणं. आणि दुसऱ्याने हात घालून बघावं असं तेच म्हणाले ना? मग ती मनगटापर्यंत हात बुडवायची, पाणी ढवळायची, कोमट आहे म्हणायची, आणि मी पाय सोडायचो.

सुरुवातीच्या महिन्यांत ती ऊब मला खरंच लागायची. बरंही वाटायचं. मग ती लागेनाशी झाली. कधी, कोणत्या दिवशी, ते सांगता येणार नाही. पाय पाण्यात आहेत हे डोळ्यांनी दिसायचं म्हणून कळायचं. पण "बरं वाटते" हे तोंडात बसलं होतं. आणि ती माझ्या समोर पाटावर बसून पदराने घाम पुसत ढाब्यावरच्या गोष्टी सांगायची, ती पंधरा मिनिटं मला हवी होती. ती गमावण्यापेक्षा खोटं बोलणं सोपं होतं.

गेल्या नोव्हेंबरातला तो सोमवार. पंखा सुरू होता. कांताने टब ठेवला, हात घातला, ढवळलं. मी पाय सोडले. नंदिनीचा, म्हणजे आमच्या मुलीचा, फोन येऊन गेला होता. ती सावंगीला राहते, तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या होस्टेलच्या ऑफिसात कामाला आहे. तिच्या लेकाने शाळेत कुणाला तरी चावा घेतला होता, त्यावर आम्ही हसत होतो. मध्ये कांताने विचारलं, गरम लागते का? मस्त लागते, मी म्हणालो. पंधरा मिनिटं झाली. मी उजवा पाय बाहेर काढला, तिने तो मांडीवर घेतला आणि टॉवेलने पुसला. टॉवेलाबरोबर कातडी निघून आली.

दुखलं नाही. काहीच दुखलं नाही, तीच तर सगळी रड आहे. सोललेल्या लाल पायाकडे मी दुसऱ्याचा पाय बघावा तसा बघत राहिलो. कांता पायाकडे बघतच नव्हती, ती आपल्या हाताकडे बघत होती. मला वाटलं, घाबरली.

नंदिनी गाडी घेऊन आली आणि आम्ही सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पाणी कुणी काढलं, त्यांनी विचारलं. कांता पलंगाच्या पायथ्याशी पिशवी छातीशी धरून उभी होती. नंदिनी आईकडे बघायला लागली. मला ते बघणं आवडलं नाही.

"मीच काढलं," मी म्हणालो. "हात घालून पाह्यलं बी मीच."

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मग तुमचे हातही गेलेत की काय, असं म्हणून त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि एक बारीक नायलॉनचा धागा बोटांच्या टोकांना टेकवत गेल्या. प्रत्येक वेळी मी बरोबर बोट सांगितलं. गरम आणि गार नळीही लावून पाहिली. तीही मला बरोबर कळली. हात तर चांगले आहेत तुमचे, त्या म्हणाल्या, मग एवढं कढत पाणी कळलं कसं नाही? लक्ष नव्हतं, मी म्हणालो. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या पुढच्या रुग्णाकडे गेल्या.

मी छताकडे बघत पडलो आणि तेव्हा मला लख्ख कळलं. तीस वर्षं मी तारांमध्ये काढली. तारेत करंट आहे आणि टेस्टर पेटत नाही, तर बिघाड टेस्टरमध्ये असतो. पाणी कढत होतं. कांताचा हात त्यात मनगटापर्यंत गेला होता आणि तिला ते कोमट लागलं होतं. तिच्या हाताच्या नसाही गेल्या होत्या.

डाव्या पायाचे फोड हळूहळू भरून आले, पण उजव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट राहिलं.

मी ठरवलं, कांताला हे कळू द्यायचं नाही. हात गेला हे तिला सांगायचं म्हणजे माझा पाय तिने भाजला हेही सांगायचं. शिवाय रोट्यांचं काम जाणार. वीस वर्षं तिने त्या मडक्यासमोर काढली होती, हायवेवरचे ट्रकवाले तिच्या रोटीसाठी थांबायचे, एवढीच तिची मिरवायची गोष्ट होती. ती दवाखान्यातून घरी येईपर्यंत पाणी तर कोमटच होतं, पाणी तर कोमटच होतं, असं म्हणत राहिली आणि मी तिची समजूत काढत राहिलो. खरं सांगतो, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. तीन बोटं देऊन मी बायकोचं मन राखलं, असा काहीतरी माझा समज होता.

पण कौतुकाने पोट भरतं का? घरी आल्यावर मी तिच्या हातांवर लक्ष ठेवायला लागलो आणि मला धडकी भरली. ती चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उतरवायची. बोटांना फोड असायचे. हे काय झालं विचारलं की तेल उडालं म्हणायची. माझ्या जखमेची पट्टी ती हळुवार बदलायची, पण चिकटपट्टीचं टोक तिला सापडायचं नाही, ती डोळ्यांजवळ नेऊन शोधायची. वेळेत कळलं तर आहे तेवढी नस राखता येते, हे माझ्या पायाने मला शिकवलं होतं. म्हणजे मी गप्प बसलो त्या प्रत्येक दिवशी तिचा हात थोडा थोडा जात होता आणि हे ठाऊक असलेला माणूस घरात मी एकटा होतो. नंदिनीचा फोन आला की सांगावंसं वाटायचं. आज नको, उद्या सांगू. डिसेंबर गेला, जानेवारी गेला.

फेब्रुवारीत मी काठी टेकत ढाब्यावर गेलो. घरी बसून विटलो होतो. रूपरावने खुर्ची दिली, चहा दिला. कांता मडक्यासमोर बसली होती. तिने रोटी पसरली, आणि दुसरी कणीक घ्यायला वळताना तिचा डावा हात मनगटाशी मडक्याच्या कडेला टेकला. टेकून तसाच राहिला. मी मनात आकडे मोजले. चार झाले तेव्हा तिने हात काढला, तोही कणीक उचलायला म्हणून. रूपराव माझ्या बाजूला उभा राहून कौतुकाने म्हणत होता की काकूंच्या हाताले चटकाच लागत नाई, काय हात आहे. मी चहा तसाच खाली ठेवला.

ती दुपारी घरी आली तशी मी तिला समोर बसवली आणि सांगितलं. शब्द जुळवून ठेवले होते, तरी भलतेच निघाले. तुह्या हातातलं गेलं कांता, तुले चटका कळत नाई, आपण उद्याच नंदिनीकडे जाऊ.

 मडक्याला टेकलेल्या जागी कातडी पांढरी पडली होती, तिच्यावर तिने पदर ओढला.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "दोन वर्सं झाले. आंधी बोटं बधिर झाले, मंग सारा पंजा, मनगटासकट."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मंग त्या दिवशी?"

"त्या दिवशी बी माहीत होतं."

मग तिने सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता. ती पाण्याचा अंदाज वाफेवरून घ्यायची. रोज बरोबर निघायचा. हात ती फक्त माझ्यासाठी घालायची, मी बिनघोर पाय सोडावे म्हणून. त्या सोमवारी पंखा सुरू होता, वाफ तिला दिसलीच नाही. रूपरावला कळलं असतं तर काम गेलं असतं. मला कळलं असतं तर मी शेक बंद करायला लावला असता, आणि मला आराम देणारी तेवढी एकच गोष्ट होती, मीच तर तसं म्हणत होतो. आणि दवाखान्यात मी तिच्यासाठी खोटं बोललो तेही तिला तिथेच समजलं होतं. तीन महिने ती माझं खोटं जपत होती आणि मी तिचं.

इथे मी मोठं मन ठेवायला हवं होतं. ती अजाण आहे असं वाटत होतं तोवर तिला माफ करणं मला सहज जमलं होतं. तिला माहीत होतं हे कळलं आणि त्या माफीचा मागमूस राहिला नाही. माझ्या अंगाची लाही झाली.

"म्हनजे तू जानूनबुजून माहा पाय घेतला," मी म्हणालो.

आवाज चढवला नाही. चढवला असता तर कदाचित बरं झालं असतं, रागात बोललो असं नंतर म्हणता आलं असतं.

 मग तिने विचारलं, "पंधरा मिनिटं पाय शिजून राह्यले होते. मी इचारलं, गरम लागते का? तुमी म्हनले मस्त लागते. काऊन म्हनले?"

मी काठी उचलून परत भिंतीला टेकवली.

"लागत नव्हतं ना?"

"नाई."

"कधीपासून?"

 तिने मनातल्या मनात मागे मागे जाऊन बघितलं असावं, पाला, तेल, वाटी, मेथी, उन्हाळे, हिवाळे. ती ढाब्यावरून उभ्याने थकून यायची आणि आधी चूल पेटवायची, स्वतःचा चहा नंतर. तीन वर्षांत तिने एक दिवस चुकवला नव्हता. नंदिनीच्या दुसऱ्या बाळंतपणाला गेली तेव्हाही रात्रीच्या गाडीने परत आली होती.

"एवढं केलं मी," ती म्हणाली. "त्यातलं एक तरी लागू पडलं होतं का?"

तीन वर्षं मी तिच्याशी खोटं बोललो, जिथे गरज नव्हती तिथेही बोललो. आणि जिथे एका खोट्या शब्दाने तिला सावरता आलं असतं, तिथे नेमका मी खरा झालो. पाय दिला होता ना मी, मग मला हक्क होता असं वाटलं.

"एक बी नाई," मी म्हणालो.

ती उठली आणि भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी नंदिनी तिला घेऊन गेली. तिलाही साखर निघाली, बरीच जुनी. रक्तात कसलंसं जीवनसत्त्वही फार कमी होतं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. हातांचं काय होईल असं नंदिनीने विचारलं, तेव्हा मला मिळालेलंच उत्तर तिला मिळालं. ढाब्यावर आता दुसरी बाई आहे. तिच्या रोट्या जाड होतात असं नत्थूजी सांगतो, कांताला बरं वाटावं म्हणून. ती ऐकते आणि आत जाते.

मी तिची क्षमा मागितली आहे. दोनदा मागितली. झालं ते झालं, ती म्हणते, आणि ते ती मनापासून म्हणत असावी, कारण तिच्या बोलण्यात राग नाही. राग असता तर मला धरायला काही तरी असतं. ती माझ्या गोळ्या वेळेवर देते, पट्टी करते, माझा डावा पाय रोज आरशात बघून मला सांगते की ठीक आहे.

सकाळी ती आंघोळीचं पाणी काढते, बादली दाराशी आणून ठेवते आणि शेजारच्या काजलला हाक मारते. काजल नवी सून आहे, गुणाची आहे. ओल्या हातांनी धावत येते, बोटं बुडवते, बराबर आहे काकू, म्हणते आणि परत जाते. तेवढा वेळ आम्ही दोघं बादलीच्या दोन बाजूंना उभे असतो. मग मी आंघोळ करतो, ती टॉवेल देते, मी पाय पुसतो आणि थोडा वेळ तिथेच थांबतो, ती विचारेल म्हणून. आता मी खरं सांगेन की खोटं, मलाच माहीत नाही.

ती विचारत नाही.